उपरण्याखालचा हात

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान जनावरांच्या बाजारात दलाल होते. बहिणीला आम्ही आक्का म्हणायचो आणि त्यांना दाजी. निजामाविरुद्ध अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शन झाली तेव्हा ते रांगत होते, एवढीच त्यांच्या वयाची माहिती घरात होती. लासूर स्टेशनच्या आठवडी बाजारात बैल, म्हशी, गोऱ्हे यांचे सौदे ते जुळवून देत. ज्या काळाविषयी हे लिहितो आहे तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. आमच्या शहराचे नाव औरंगाबाद होते आणि मी तिथल्या एका दैनिकात बातम्यांच्या मेजावर काम करत होतो.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणे टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे धरतात. किती बोटे धरली, कशी दाबली, यावरून आकडा कळतो. तोंडाने फक्त हजार की शेकडा एवढे म्हणायचे. भोवती माणसांचा घोळका असतो. त्यांना काही कळत नाही. दलाल आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा, पुन्हा विकणाऱ्याचा. असे करत दोन आकडे जवळ आणतो. लिहून काही ठेवत नाहीत. दाजींचे बोट साफ आहे, असे बाजारात म्हणत. म्हणजे दाबले ते दाबले. मागाहून त्यांनी कधी आकडा बदलला नाही.

आजार त्या हातातच आला.

एका बाजारात वैजापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या बैलाचा सौदा चालला होता. शेतकऱ्याने उपरण्याखालून हात काढून घेतला.

"दाजी, बोटं नीट धरा. तीन धरले का चार?"

"तीन."

"मंग चौथं कामून हालू राह्यलं?"

घोळका हसला. मागून कोणी तरी म्हणाले, "सकाळीच टाकून आले वाटतं दाजी."

दाजींनी आयुष्यात दारू घेतली नव्हती. ते रागावले असते तर लोक समजले असते. पण त्यांचा चेहरा हलला नाही. चेहरा न हलणे हाही आजाराचाच भाग होता. लोकांना ती गुर्मी वाटली. सौदा मोडला. पुढच्या काही बाजारांत आणखी दोघा-तिघांनी हात दुसऱ्या दलालाला दिला. मग आक्काने स्टेशनवरच्या एसटीडी बूथवरून मला कचेरीत फोन केला. ती म्हणाली, "ह्यांचा हात रिकामा असला का कापतो. कामाला लावला का आखडतो. इथले डॉक्टर अशक्तपणा म्हणतेत. तू बघ बाबा."

निराला बाजारच्या मागच्या गल्लीत मेंदूचे एक डॉक्टर बसत. त्यांच्याकडे आम्ही गेलो. डॉक्टरांनी दाजींना खोलीत चालायला लावले. बोटांची उघडझाप करायला सांगितली. मनगट धरून हात सावकाश फिरवून पाहिला. चालताना दाजींचा डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटून राहत होता. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे.

"बरा व्हतो का?" आक्काने विचारले.

"बरा होत नाही. गोळीने हात चालतो. तिचा अंमल असेल तोवर."

दाजींनी एकच गोष्ट विचारली. "बाजार करता येईल का?"

"करा की," डॉक्टर म्हणाले. "सकाळी गोळी घ्या आणि जा."

दाजींना दुसरे काही नको होते. परतताना स्टेशनवर पॅसेंजरची वाट पाहत ते बाकावर बसले होते आणि उजव्या हाताने डाव्या हाताची बोटे धरून पाहत होते. दोन, तीन, पाच.

पहिले दोन दिवस गोळी रिकाम्या पोटी दिली गेली आणि दोन्ही दिवस दाजींना उलटी झाली. आक्काने गावातल्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, पोटात काही तरी घालून देत जा. आमच्याकडे औषध गरम पडते, अशी समजूत आहे. सुई असो की गोळी, ती अंगात आग करते आणि त्यावर उतारा दुधाचा. दाजींच्या दारात त्यांनी स्वतः पारखून आणलेली म्हैस होती. आक्काने सकाळची धार काढली, दूध तापवले आणि सायीसकट पितळी पेला भरून गोळीबरोबर दिला. उलटी थांबली. त्या दिवसापासून गोळी दुधाबरोबरच गेली. यात सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटले नाही.

गोळीने गुण यायचा तेवढा आला नाही. एखाद्या दिवशी हात थोडा सैल व्हायचा, एरवी नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली. गोळी वाढली म्हणजे अंगातली आग वाढणार, म्हणून आक्काने दूध वाढवले. दाजी वाळत चालले होते, म्हणून ती सकाळच्या भाकरीबरोबर घट्ट वरण आणि शेंगदाण्याचे लाडू द्यायला लागली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पुन्हा गोळी वाढवली. घरी पुन्हा दूध वाढले. प्रत्येक भेटीत डॉक्टर विचारत, गोळ्या वेळेवर घेता का. आक्का सांगायची, एकही चुकली नाही. ते खरे होते. कशाबरोबर घेता, हा प्रश्न निघाला नाही.

दाजी बाजाराला जातच राहिले. ते लिंबाखाली त्यांच्या ठरलेल्या जागी उभे राहायचे, खांद्यावर उपरणे असायचे. लोक येऊन बोलायचे, चहा पाजायचे, कोणत्या गावाकडे बैल चांगले आहेत ते विचारून घ्यायचे. मग सौदा करायला दुसऱ्याकडे जायचे. हात कोणी देत नव्हते.

तपासण्यांसाठी दाजी कधी कधी आमच्याकडे सिडकोत चार-आठ दिवस राहत. आमच्या घरी पिशवीचे दूध यायचे. पहिल्याच सकाळी माझ्या पत्नीने गोळीबरोबर दुधाचा कप दिला. दाजींनी तो नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"वहिनी, हे कोन्त्या म्हशीचं?"

"पिशवीचं आहे, दाजी. चांगलं असतं."

"म्हशीला माहीत हाय का, तिनं हे दिलंय म्हून?"

त्यांनी गोळी पाण्याबरोबर घेतली; एव्हाना ती अंगवळणी पडली होती, उलटी झाली नाही. रोज तसेच घेत राहिले. चहासुद्धा कोराच मागायचे. सकाळी नाश्ता आमच्याकडे उशिरा व्हायचा, तोही पोह्यांचा. मी रात्रपाळी करून उठायचो तेव्हा दाजी अंघोळ आटोपून गॅलरीत बसलेले असायचे. सदऱ्याची बटणे त्यांची त्यांनी लावलेली असायची. लासूरला ती आक्का लावून द्यायची. एकदा त्यांनी शेजारच्या गृहस्थांना उपरण्याखालची बोटे शिकवली. ते गृहस्थ बँकेत होते. दाजींनी त्यांना खेळात एक बैल विकला आणि म्हणाले, "साहेब, तुमी फसले. ह्या बैलाला दातच नाय."

ते हसले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसले, हे मला लक्षात राहिले.

लासूरला परतल्यावर दोन दिवसांत हात पुन्हा आखडला. असे पहिल्यांदा झाले तेव्हा शहरातली विश्रांती मानवली, असे सगळ्यांनी धरले. दुसऱ्यांदा झाले तेव्हा हवापाणी म्हटले. तिसऱ्यांदा झाले तेव्हा लासूरला बोलणे सुरू झाले. दाजींची चुलती ओसरीवर बसून आक्काच्या देखत म्हणाली, "मेव्हण्याच्या घरी गडी बटणं लावतो आन् बायकोला बघितलं का हात कापतो. घरातच कायतरी असंल."

मराठवाड्यात या कायतरीला भानामती म्हणतात. आक्का सातवी शिकलेली होती आणि असल्या गोष्टी मानत नव्हती. तरी तिने दाजींची खाट माजघरातून पडवीत हलवली. मग पडवीतून पुढच्या खोलीत. उंबऱ्याला लिंबू बांधले. घर सारवून काढले. मला तिने फोनवर विचारले, "माझ्या हाताला काय झालंय का रे? तुझी बायको काय येगळं करते?"

माझी पत्नी वेगळे काही करत नव्हती. उलट ती कमीच करत होती. आक्का पहाटे उठून त्यांना न्हाऊ-माखू घालायची, समोर बसून भरवायची. आमच्या घरी त्यांना एक बिछाना आणि पाण्याचा तांब्या मिळायचा.

पुढच्या तपासणीला आक्का, दाजी, मी आणि माझी पत्नी असे चौघे गेलो. आक्काने डॉक्टरांसमोर सगळे मांडले. भावाकडे बरे असतात आणि माझ्याकडे बिघडतात. माझ्या घराला काही आहे का, तेवढे सांगा. हे विचारताना ती डॉक्टरांकडे न पाहता पदराचे टोक पिळत होती.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्या पत्नीला विचारले, "तुमच्याकडे हे काय खातात?"

तिने सांगितले. पोहे, भात, भाजी, संध्याकाळी भाकरी. मग म्हणाली, "दूध मात्र घेत नाहीत. पिशवीचं चालत नाही त्यांना. गोळीसुद्धा पाण्याबरोबरच घेतात."

डॉक्टरांनी आक्काकडे पाहिले. "आणि तुम्ही गोळी कशाबरोबर देता?"

"दुधाबरोबर," आक्का म्हणाली. "चांगलं म्हशीचं. पेला भरून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी जे सांगितले ते मी पुढे कामानिमित्त अनेकदा वाचले, पण इतके सोपे कुठे सापडले नाही. रक्तात काय काय येते, ते सगळे मेंदूत शिरले तर माणूस टिकणार नाही. म्हणून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत इतर ठिकाणांपेक्षा घट्ट असते. ती विष अडवते, तशीच बहुतेक औषधेही अडवते. दाजींच्या मेंदूत जे द्रव्य कमी पडले होते ते तसेच गोळीतून दिले तर भिंतीबाहेर राहते. म्हणून त्याच्या आधीची, कच्ची वस्तू देतात. तिला आत घेणारे दार भिंतीत आहे. आत गेल्यावर मेंदू तिचे हवे ते द्रव्य करतो. अडचण अशी की ते दार तिच्यासाठी केलेले नाही. दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी यांतून जे अंगाला लागते त्याच्या आत जाण्याचे ते दार आहे. आधी आतड्यात तसेच दार, मग मेंदूपाशी. गोळी आणि हे खाणे एकाच वेळी आले की दाराशी गर्दी होते.

"आणि गोळीचा अंमल थोड्याच वेळाचा," डॉक्टर म्हणाले. "ती बाहेर उभी असतानाच तिचा वेळ संपतो."

खोलीत सगळ्यांत आधी दाजींना समजले. बाजाराच्या आवाराला एकच फाटक असते आणि बाजाराच्या दिवशी तिथे पावती दाखवून जनावर आत घ्यायचे असते.

"म्हंजी फाटकात म्हशी घुसल्या," ते म्हणाले, "आन् माझा बैल बाहेर ऱ्हायला. बाजार उठल्यावर आत आला."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"म्हशी कोनाच्या? आमच्याच!" दाजी आक्काकडे पाहून म्हणाले. त्यांना थट्टा करायची होती. तिचा चेहरा पाहून ते थांबले.

डॉक्टरांनी नवे वेळापत्रक सांगितले. गोळी पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा तास आधी. मळमळले तर भाकरीचा कोरडा तुकडा. दूध, डाळ, दाणे हे सगळे रात्रीच्या जेवणात. बंद काही करायचे नाही, फक्त वेळ बदलायची. हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा सांगितले. बाहेर आल्यावर आक्काने मला विचारले, "किती दिस झाले रे आपल्याला इथं येऊ लागून?" मी सांगितले की दोन वर्षे होत आली असतील. ती गाडीत खिडकीशी बसली आणि लासूर येईपर्यंत बाहेर पाहत राहिली, असे दाजींनी नंतर सांगितले.

आधी झाले ते वाईटच. दुधाच्या गर्दीत पुरावी म्हणून गोळी वाढत गेली होती. आता वाट मोकळी झाली आणि ती सगळीच्या सगळी आत पोचायला लागली. आमच्याकडच्या चार-आठ दिवसांत जे दिसले नव्हते ते आता रोजच तसे होऊ लागल्यावर दिसले: दाजींचा हात कापायचा थांबला आणि नाचायला लागला. मान डोलायची, खांदा उडायचा, बसल्या जागी अंग वळायचे. चुलती पुन्हा ओसरीवर आली. आक्काने तिला चहा दिला आणि सांगितले, "गोळी जास्त झालीय. उद्या कमी करायची हाय. भानामती असती तर कमी करता आली नसती." डॉक्टरांनी गोळी टप्प्याटप्प्याने उतरवली आणि हात जागेवर आला.

त्यानंतरचा काळ चांगला गेला. पेरणीच्या आधी बैलांचे बाजार मोठे असतात. त्यांतल्या एका बाजाराला मी मुद्दाम गेलो. दाजींनी उजाडताच गोळी घेतली होती. लिंबाखाली ते उभे होते. गंगापूरकडचा एक म्हातारा शेतकरी बैलजोडी घेऊन आला होता. तो त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि दाजींसमोर हात धरला.

"बगू बरं," तो म्हणाला, "ऐकलं व्हतं तुमी बोटं ईकली म्हून."

"गहान ठिवली व्हती," दाजी म्हणाले. "सोडवून आनली."

त्यांनी उपरणे हातावर टाकले. खाली काय झाले ते दिसले नाही. दाजी "हजार" म्हणाले, म्हाताऱ्याने मान हलवली. दाजी घेणाऱ्याकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. उपरणे दोन्ही बाजूंना अनेकदा पडले आणि उचलले गेले. शेवटी दाजींनी दोघांचे हात एकमेकांत दिले. जोडी विकली गेली. सौदा कितीला झाला ते त्यांनी मला नंतरही सांगितले नाही. पाव्हणे पेपरात छापतील, म्हणाले.

घरी मात्र आक्काने दूध बंदच केले. रात्रीचेसुद्धा. डॉक्टरांनी रात्री चालेल म्हणून दोनदा सांगितले होते, मीही सांगितले. ती म्हणायची, रात्रीचं सकाळपोतर आडून राह्यलं तर? डाळही तिने पातळ केली. दाजी म्हणायचे, "वासराला मुसकं बांधतेत तसं बांधलंय मला. दारात म्हैस आन् मी कोऱ्या चहाचा धनी." ती ऐकून घ्यायची. म्हशीचे सगळे दूध डेअरीला जाऊ लागले. एकदा मी तिला म्हणालो की तुझी चूक नव्हती, कोणी सांगितलेच नव्हते. ती म्हणाली, "चूक कोनाची ते नाय इचारत मी. मी पेला धरून उभी ऱ्हायचे रोज. शेवटचा घोट जाईपोतर हालत नव्हते. तेवढंच दिसतंय मला."

आजार थांबलेला नव्हता. गोळीचा अंमल आधी दुपारपर्यंत टिकायचा, मग त्याआधीच उतरू लागला. घेतल्यावर चढायलाही वेळ लागू लागला. डॉक्टरांनी एका मोठ्या गोळीच्या जागी लहान लहान, जवळजवळच्या वेळांना दिल्या. मधल्या काळात दाजी जागच्या जागी थिजायचे. दाराच्या उंबऱ्यापाशी पाय उचलायचा नाही. आक्का समोर उभी राहून उपरण्याचे टोक जमिनीवर आडवे टाकायची. ते ओलांडायला म्हणून पाय उचलायचा.

याच सुमारास आमच्या मेजावर वृत्तसंस्थांच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. परदेशात मेंदूभोवतीची भिंत थोड्या वेळापुरती सैल करण्याचे प्रयोग चालू होते. कुठे आवाजाच्या लहरींनी, कुठे औषधाला दुसऱ्या कशाच्या पाठीवर बसवून. मी त्या आतल्या पानावर लावायचो. एक बातमी मी आक्काला वाचून दाखवली. प्रयोग उंदरांवर झाला होता.

"उंदराला बरं वाटलं का?" तिने विचारले.

"वाटलं असं लिहिलंय."

"उंदराला काय बाजार गाठायचा व्हता," दाजी खाटेवरून म्हणाले. त्यांचा आवाज तोवर इतका बारीक झाला होता की वाकून ऐकावे लागायचे. आक्काला ते ऐकू आले आणि ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

बाजार आणि गोळी यांचा मेळ बसवायचा दाजींनी पुष्कळ प्रयत्न केला. बाजार भरायला लागतो तो सकाळी. खरे सौदे जुळतात ते ऊन चढल्यावर, माणसे कंटाळली म्हणजे. दाजींचा हात नेमका तेव्हा आखडायला लागायचा. ते गोळी उशिरा घेऊन पाहायचे. मग तिथवर चालत जाणे जमायचे नाही. आधी घेऊन पाहायचे. मग सौद्याआधी अंमल संपायचा. घरातून निघताना ते सूर्याकडे पाहायचे आणि पुटपुटत हिशेब करायचे. आक्का पदरात अर्धी गोळी बांधून आणि हातात पाण्याची बाटली घेऊन बाजाराच्या फाटकापर्यंत जायची. जनावरांच्या घोळक्यात बायका जात नाहीत, म्हणून ती फाटकाशी उभी राहायची.

शेवटच्या सौद्याच्या वेळी मी नव्हतो. गंगापूरकडच्या त्या म्हाताऱ्याने तो मला नंतर सांगितला. त्याच्या पुतण्याचा बैल विकायचा होता. दाजींनी उपरणे टाकले, बोटे धरली. दोन धरली, तिसरे धरायला गेले आणि हात तिथेच थांबला. दाबता येईना, सोडताही येईना. पुतण्या नवखा होता. आकडा पक्का झाला, असे समजून तो "जमलं" म्हणाला. भाव कमी होता, तेव्हा गिऱ्हाईकही खूशच झाले असते. दाजी गप्प राहिले असते तर सौदा झाला असता आणि कोणाला कळले नसते. त्यांनी डाव्या हाताने उपरणे ओढून काढले. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, थिजलेला हात उघडा केला.

"हे बोट माझं नाय," ते म्हणाले. "ह्याच्यावर भाव करू नका."

म्हातारा म्हणाला, बाजारात त्या वेळी कोणी हसले नाही. त्याने स्वतः दाजींची बोटे एकेक करून सोडवली आणि त्यांना फाटकापर्यंत आणले. आक्का तिथे अर्धी गोळी तळहातावर घेऊन उभी होती. दाजींनी ती घेतली नाही. घरी चल म्हणाले.

त्यानंतर ते बाजाराला गेले नाहीत. गोळ्या चालू राहिल्या, कारण त्यांच्याशिवाय कूस बदलता येत नव्हती. पण बाजार सुटल्यावर त्यांनी वेळ विचारणे सोडून दिले. आक्का घड्याळ पाहून गोळी द्यायची, पाणी पाजायची, अर्धा तास थांबून मऊ भात भरवायची. पुढे गिळणे कठीण झाले. एका हिवाळ्यात घास श्वासनलिकेत गेला, छातीत कफ झाला आणि काही दिवसांत ते गेले. बाजाराचा दिवस होता. ती बातमी फाटकापाशी सांगितली गेली आणि लिंबाखालच्या दलालांनी त्या दिवशी सौदे केले नाहीत.

तेराव्यानंतर आक्का शहरात आली. उरलेल्या गोळ्यांची पाकिटे तिने पिशवीत आणली होती. कोणा गरिबाला द्या म्हणून ती डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी पाकिटांवरच्या तारखा पाहिल्या, काही बाजूला काढली आणि बाकीची कपाटात ठेवली. आक्का उठली नाही.

"एक इचारू का, डॉक्टरसाहेब? ते दुधाचं नसतं झालं, तर ते आज असते का?"

"नाही," डॉक्टर लगेच म्हणाले. "गोळीनं आजार थांबत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दूध दिलं काय किंवा पाणी दिलं काय, आजार याच वाटेनं गेला असता. तुमच्यामुळे आयुष्य कमी झालं, असं मनात आणू नका."

"म्हंजी त्या दोन वर्सांत काहीच गेलं नाय?"

नाही म्हणणे डॉक्टरांना सोपे होते आणि आक्काने ते मानलेही असते.

"हात चालला असता तेव्हा," ते म्हणाले. "दिवसातले काही तास. ते आजाराचे सुरुवातीचे दिवस होते, गोळी तेव्हाच सगळ्यांत चांगली लागते. ते तास गेले."

"बाजार तेवढाच असतो," आक्का म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर एक बाई नवऱ्याला दंडाला धरून उभी होती. आक्काने रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली आणि त्यांच्यासाठी खुर्ची सोडली.